पेशीच्या आधी

यंदा तुरीला शेंगा बऱ्या धरल्या आणि त्यामुळे डिसेंबरभर रात्रीची जागल करावी लागली. रानडुकरांचा आणि रोह्यांचा त्रास आमच्या दारव्हा तालुक्यात नवा नाही. अशाच एका रात्री माळ्याखालच्या शेकोटीजवळ माझ्या धाकट्या भावाचा मुलगा मोबाईल घेऊन बसला होता. तो अमरावतीला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि गावापेक्षा आमच्या वावरात रेंज बरी मिळते, हे त्याच्या जागलीला येण्याचे खरे कारण आहे.

"मोठेबाबा, तुम्ही तं पलटणीत कोर्ट मार्शलचे कागद लेहत होते न? मंग हे पाहा बरं," असे म्हणून त्याने अमेरिकेच्या सैन्यदलांतील न्यायदानात वर्णावरून पडणाऱ्या फरकाविषयीचा एक अहवाल मला वाचून दाखवायला सुरुवात केली. तो इंग्रजीत वाचायचा, मग आपल्या बोलीत सांगायचा आणि मध्येच डुकरांचा आवाज आला की आम्ही दोघेही टिनाचा डबा वाजवायचो. माझी नोकरी क्लार्कची. बावीस वर्षांपैकी सहा वर्षे मी बटालियनच्या कार्यालयात डिसिप्लिनच्या टेबलावर काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. पलटण कोणती, हे मी येथे लिहिणार नाही. जे लिहितो आहे त्याचा दोष एका पलटणीवर ठेवण्यासारखा नाही आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माणसे आता आपापल्या गावी म्हातारी झाली आहेत.

तो अहवाल अमेरिकी संसदेच्या वतीने सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या संस्थेने मे २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला आहे. या संस्थेने २०१३ ते २०१७ या आर्थिक वर्षांतील नोंदी तपासल्या. हुद्दा, शिक्षण यांसारख्या गोष्टींमुळे पडणारा फरक हिशेबातून बाजूला काढल्यावरही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक मुळाच्या) सैनिकांवर चौकशी सुरू होण्याचे आणि त्यांना वरच्या दर्जाच्या कोर्ट मार्शलपुढे उभे केले जाण्याचे प्रमाण गोऱ्या सैनिकांपेक्षा सर्वच सैन्यदलांत अधिक असल्याचे तिला आढळले. त्याआधी २०१७ मध्ये 'प्रोटेक्ट अवर डिफेंडर्स' या संघटनेने माहितीच्या अधिकारासारख्या तिकडच्या कायद्याखाली आकडे मिळवून दाखवले होते की, कोणतेही वर्ष आणि कोणतेही सैन्यदल घेतले तरी कृष्णवर्णीय सैनिकावर कारवाई होण्याची शक्यता गोऱ्या सैनिकाच्या तुलनेत कमीत कमी १.२९ पट आणि जास्तीत जास्त २.६१ पट होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी स्वतःच्या घरची तपासणी केली. तेव्हा कृष्णवर्णीय जवानांना कमांडरच्या अधिकारातील शिक्षा होण्याचे प्रमाण गोऱ्या जवानांपेक्षा ७२ टक्क्यांनी आणि कोर्ट मार्शलला सामोरे जाण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी जास्त निघाले. आकड्यांवरून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, असेही त्या महानिरीक्षकांनी लिहून ठेवले आहे, आणि ते लिहिणे योग्यच होते.

हे सर्व ऐकताना मला फारसे आश्चर्य वाटले नाही. वर्णभेदाची कहाणी आपण सर्वांनी थोडीफार ऐकलेली असते. आश्चर्य त्या २०१९ च्या अहवालातल्या पुढच्या एका वाक्याचे वाटले आणि ते मी त्याला पुन्हा वाचायला लावले. कोर्ट मार्शलपुढे एकदा उभे राहिल्यावर दोषी ठरण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक सैन्यदलांत वर्णामुळे लक्षणीय फरक पडत नव्हता. आणि शिक्षेच्या कडकपणात अल्पसंख्य सैनिकांना एकतर गोऱ्यांइतकीच किंवा काही ठिकाणी थोडी सौम्यच वागणूक मिळत होती.

पुतण्याला यात विसंगती वाटली. "म्हंजे कोर्ट त बरोबरच हाय," असे तो म्हणाला. मला मात्र माझे जुने टेबल आठवले, त्यावरचा लोखंडी टाइपरायटर, नंतर आलेला संगणक, आणि त्या दोन्हींच्या काळात सारखाच राहिलेला ऑफेन्स रिपोर्टचा, म्हणजे जवानाचा अपराध नोंदवण्याच्या कागदाचा, छापील नमुना. कोर्टापर्यंत जे कागद पोहोचतात ते तोवर पक्के झालेले असतात. साक्षी नोंदलेल्या असतात, तारखा जुळलेल्या असतात, कलम बसलेले असते. तेथे दोष सिद्ध होणारच. अपराधांपैकी कोणता कागदावर घ्यायचा आणि कोणता दम देऊन, फार तर दोन दिवस पाठीवर पिठ्ठूचे ओझे लावून पळवून मिटवायचा, हा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, चहाचा कप हातात असताना होतो आणि त्याची नोंद कोठेही राहत नाही.

सैन्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे भूदलाचे सर्व शिस्तपालन आर्मी ॲक्ट १९५० या कायद्याने चालते. जवानाविरुद्ध तक्रार आली की आधी कंपनी कमांडर ऐकतो, प्रकरण त्याच्या आवाक्याबाहेरचे असेल तर ते कमांडिंग ऑफिसरकडे जाते. त्या दिवशी जवानाला टोपी आणि बेल्ट काढून कार्यालयात मार्च करून आणले जाते, आरोप वाचून दाखवला जातो आणि काही म्हणायचे आहे का, असे विचारले जाते. यालाच पलटणीत पेशी म्हणतात. कमांडिंग ऑफिसर आरोप फेटाळू शकतो, कलम ८० खाली स्वतःच अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या कैदेसारख्या शिक्षा देऊ शकतो किंवा पुरावा लिहून घेण्यास सांगून प्रकरण कोर्ट मार्शलकडे नेऊ शकतो. शिक्षा ठराविक प्रकारची असली की जवानाच्या नोंदपत्रात ती लाल शाईने चढते. चार लाल नोंदी झाल्या की घरी जावे लागते, असे पलटणीत सगळेच धरून चालत. २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मोडून काढले आणि केवळ चार नोंदी झाल्या म्हणून काढता येणार नाही, त्या माणसाची एकूण नोकरी, त्याने काढलेले कष्टाचे दिवस पाहावे लागतील, असे सांगितले. माझ्या टेबलावरून गेलेल्यांना त्या निकालाचा उपयोग झाला नाही.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येणारे प्रकरण चोरीमारीचे नसे, सुटी संपल्यावर उशिरा परतण्याचे असे. कायद्याचे कलम ३९ आहे आणि त्यात शब्द असे आहेत की, पुरेशा कारणाशिवाय जो मंजूर सुटीपेक्षा अधिक काळ बाहेर राहील तो दोषी. कलमातल्या बाकीच्या सर्व गोष्टी तारखेने सिद्ध होतात. 'पुरेसे कारण' तारखेने सिद्ध होत नाही. ते कोणाला तरी पुरेसे वाटावे लागते.

एका पावसाळ्यात, एकाच कंपनीतील दोन जवान उशिरा परतले. पहिला अकरा दिवसांनी आला. तो देशाच्या पूर्वेकडील जंगलपट्टीतला होता, हिंदी अडखळत बोलायचा आणि बाप आजारी होता, पुलावरून पाणी होते, एवढेच सांगायचा. कागद नव्हता, तार नव्हती, डॉक्टरचे प्रमाणपत्र नव्हते, कारण डॉक्टरच नव्हता. दुसरा त्याच महिन्यात नऊ दिवस उशिरा आला. तो सुभेदार साहेबांचा ग्राईं होता, म्हणजे त्यांच्याच गावाकडचा. सुभेदार साहेब स्वतः कार्यालयात आले, हेड क्लार्कच्या शेजारी बसले, घरात लग्न होते, पोरगा चांगला आहे, असे म्हणाले आणि मागच्या तारखेचा सुटी वाढवून मागणारा अर्ज माझ्याच टेबलावर तयार झाला. त्याची शिल्लक सुटी नऊ दिवसांनी कमी झाली आणि अपराध उरला नाही. पहिल्याचा ऑफेन्स रिपोर्टही मीच लिहिला. त्यात एकही चूक नव्हती. त्याची शिल्लक सुटी दुसऱ्यापेक्षा जास्त होती, हे मला दिसत होते, कारण सुटीचे रजिस्टरही माझ्याच कपाटात असे.

पेशीला मी कागद घेऊन बाजूला उभा होतो. साहेबांनी विचारले, "कुछ कहना है?" तो म्हणाला, "नहीं साहब." त्याला चौदा दिवस क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, काढावे लागले आणि नोंद लाल शाईने चढली. साहेब वाईट नव्हते. त्यांच्यापुढे एकच कागद आला होता. दुसरा आलाच नव्हता.

यात जात होती काय, असे पुतण्याने विचारले. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितले की तेव्हा मी ते पाहिले नाही आणि सुभेदार साहेबांनीही जात पाहून पोराची बाजू घेतली असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपला माणूस पाहिला. आपला माणूस कोण, हे मात्र भाषा, गाव, सोयरीक आणि जात यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवलेले असते, त्यासाठी सुभेदाराने वेगळा द्वेष बाळगण्याची गरज पडत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने व्हिएतनाम युद्धाच्या काळात नेमलेल्या कृतिदलाने १९७२ साली हेच सांगितले होते. लष्करी न्यायात भेदभाव होतो, त्यातला काही जाणूनबुजून होतो आणि बराचसा व्यवस्थेच्या रोजच्या चालण्यातून आपोआप घडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या अहवालाला पन्नास वर्षे होत आली तरी २०१९ मध्ये अहवाल देणाऱ्या संस्थेला पुन्हा तेथूनच सुरुवात करावी लागली, कारण सैन्यदले वर्णाची नोंद सारख्या पद्धतीने ठेवत नव्हती आणि काही दलांकडे कमांडरने दिलेल्या लहान शिक्षांची पुरती माहितीच नव्हती.

पुतण्याच्या अभ्यासात जुन्या प्रकरणांचीही यादी होती. त्यातील दोन मी त्याच्याकडून पूर्ण ऐकली.

पहिले प्रकरण टेक्सासमधील ह्यूस्टन शहराचे आहे. १९१७ च्या उन्हाळ्यात चोविसाव्या इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन तेथे कॅम्प लोगनच्या बांधकामावर पहारा देण्यासाठी आणली गेली. जवान सर्व कृष्णवर्णीय होते. शहरात ट्राममध्ये बसण्याच्या जागेपासून पाण्याच्या पिंपापर्यंत वर्णाप्रमाणे वाटणी होती आणि गणवेशातल्या कृष्णवर्णीय माणसाला पाहून तेथल्या पोलिसांचा तोल जात असे. २३ ऑगस्ट रोजी पोलिसांनी एका जवानाला मारहाण करून पकडले, चौकशीला गेलेल्या एका कॉर्पोरलवर गोळी झाडली आणि तो मेल्याची बातमी छावणीत पोहोचली. ती खोटी होती. गोऱ्यांचा जमाव चालून येतो आहे, अशीही आवई उठली. त्या रात्री शंभरावर जवान बंदुका घेऊन शहरात शिरले आणि पोलीस, नागरिक व सैनिक धरून सुमारे वीस माणसे मेली. अपराध घडला नाही, असे कोणीच म्हणत नाही. पण पुढे तीन कोर्ट मार्शल मिळून ११८ जणांवर खटले चालले, त्यांपैकी ११० दोषी ठरले आणि १९ जणांना फाशी झाली. पहिल्या खटल्यात एकदम ६३ जण उभे होते आणि त्या सर्वांच्या बचावासाठी मिळून एक मेजर देण्यात आला होता. त्याने कायदा शिकवला होता, पण तो वकील नव्हता. खटला संपून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ११ डिसेंबर १९१७ च्या पहाटे तेरा जणांना फाशी देण्यात आली. वरच्या कोणाकडे दाद मागण्याची सवडच ठेवली नव्हती. त्यावरून एवढी टीका झाली की, फाशीची शिक्षा अंमलात आणण्यापूर्वी कागदपत्रे वॉशिंग्टनला तपासली गेलीच पाहिजेत, असा नियम लष्कराला काही आठवड्यांतच करावा लागला. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकी लष्कराने त्या ११० जणांच्या शिक्षा रद्द ठरवल्या, कारण खटले मुळातच न्याय्य नव्हते. तोवर १०६ वर्षे झाली होती.

माझ्यासारख्या क्लार्कला त्यातला आकडा दिसतो तो ६३ माणसांना एक बचाव अधिकारी हा. बाकीचे दुःख सर्वांना दिसते.

दुसरे प्रकरण सुटीचे आहे आणि म्हणून माझ्या मनातून जात नाही. कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो या नौदलाच्या धक्क्यावर दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर दारूगोळा चढवला जाई. चढवणारे खलाशी सर्व कृष्णवर्णीय आणि त्यांच्यावरचे अधिकारी सर्व गोरे. हे काम कसे करायचे, याचे धड शिक्षण कोणाला दिलेले नव्हते आणि कोणाची तुकडी जास्त माल चढवते, याची चढाओढ मात्र लावली जात होती. १७ जुलै १९४४ च्या रात्री स्फोट झाला. ३२० माणसे मेली, त्यांपैकी २०२ कृष्णवर्णीय होती. वाचलेल्या खलाशांनी आपल्याच सोबत्यांचे अवशेष गोळा केले. गोऱ्या अधिकाऱ्यांना या धक्क्यातून सावरण्यासाठी घरी जायला सुटी मिळाली. खलाशांना मिळाली नाही. तीन आठवड्यांनी त्यांना जवळच्या दुसऱ्या धक्क्यावर पुन्हा तेच काम करण्याचा हुकूम झाला, तेव्हा २५८ जणांनी नकार दिला. त्यांपैकी ५० जणांवर बंडाचा आरोप ठेवून कोर्ट मार्शल झाले आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल हे तेव्हा वकील होते. ते स्वतः जाऊन खटल्यात बसले आणि नंतर त्यांनी अपिलाचे काम पाहिले. त्यांचा रोख असा होता की, या पन्नास माणसांनी काय केले, यापेक्षा त्या धक्क्यावर फक्त कृष्णवर्णीयांनाच का ठेवले होते, हे विचारले पाहिजे. शिक्षा युद्धानंतर कमी झाल्या, दोषाचा डाग मात्र तसाच राहिला. तो १७ जुलै २०२४ रोजी, बरोबर ऐंशी वर्षांनी, नौदलाच्या सचिवांनी २५६ जणांना दोषमुक्त करून पुसला. त्यात त्या पन्नास जणांबरोबरच लहान कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा झालेलेही होते.

दारूगोळा चढवण्यास नकार देणे, हा हुकूम मोडणेच आहे. मी त्या टेबलावर असतो तर मीही कलम बरोबर बसवले असते. ज्याला सुटी मिळाली त्याच्यावर हुकूम मोडण्याची वेळच आली नाही, हे लिहायला माझ्या नमुन्यात जागा नव्हती.

आता आपल्याकडचे. अमेरिकेच्या गोष्टी ऐकून आपण हळहळतो, पण आपल्या सैन्याचा कायदाही ज्या पाळण्यात वाढला तो पाळणा वर्णभेदाचाच होता. आर्मी ॲक्टमध्ये चार प्रकारची कोर्ट मार्शल आहेत आणि त्यांतले सर्वांत जास्त वापरले जाणारे समरी कोर्ट मार्शल हे आहे. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) सोबत बसतात, पण त्यांना मत नसते. आरोपीला मदतनीस मिळतो. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल तर तो वर्षभराची कैद देऊ शकतो आणि नोकरीतूनही काढू शकतो. हे कोर्ट अधिकाऱ्यांवर किंवा जेसीओंवर चालत नाही, फक्त जवानांवर चालते. मूळ तरतूद १८५७ च्या उठावानंतर गोऱ्या कमांडिंग ऑफिसरचा हात बळकट व्हावा म्हणून आली आणि ती फक्त हिंदी शिपायांसाठी होती. त्याच छावणीतल्या गोऱ्या शिपायाला असा एका माणसाचा न्याय लागू नव्हता. तीच १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टमधून १९५० च्या कायद्यात आली. त्याच वर्षी झालेल्या हवाई दलाच्या कायद्यात ती नाही. गोरा साहेब गेला, खुर्ची तशीच राहिली, त्या खुर्चीवर आपला माणूस बसला. मग प्रश्न पुन्हा तोच, कोणाचा आपला माणूस?

माझ्या घरात या प्रश्नाला वेगळे वजन आहे. आम्ही पूर्वीचे महार. वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेले होते, तेव्हापासून बौद्ध. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत आमच्या लोकांनी रक्त सांडले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याच सैन्याने १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जमाती'चे, म्हणजे ठराविक जमातीच लढण्यास लायक असतात असे, शास्त्र काढून महारांची भरती बंद केली, हे मला नोकरीत गेल्यावर नीट कळले. कोकणातले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली, युद्ध संपले तशी ती मोडली. बाबासाहेबांचे वडील सैन्यात सुभेदार होते. १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार समितीवर असताना बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माझे आजोबा त्यानंतर भरती झाले. म्हणजे दारातच अडवले गेलेल्यांच्या घरातला मी, आणि आत गेल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी अपराधाचा कागद शुद्धलेखनाची चूक न करता लिहिणाराही मीच. पुतण्याला हे सांगताना मी शेकोटीत काट्या सारत होतो, त्याच्याकडे पाहिले नाही.

मोजायला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे म्हणणे बरोबर आहे, पण मोजण्याचीही गोष्ट सरळ नाही. आमच्या भागात पारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांतलेच हे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पंचक्रोशीत चोरी झाली की पहिली गाडी अजूनही बेड्याकडे वळते. तेथे नोंदी भरपूर आहेत आणि त्या नोंदींनीच पुढच्या संशयाला जागा केली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगाच्या आतील कैद्यांच्या रजिस्टरांतून जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. तो रकाना झाडू कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवण्यासाठी वापरला जात होता, म्हणून तो गेला हे बरेच झाले. पण अमेरिकेत रकाना होता म्हणूनच ७२ आणि ५७ हे आकडे निघाले. जो रकाना जेलरच्या टेबलावर नको, तोच तपासणाऱ्याच्या टेबलावर हवा. दोन्ही टेबले एकाच इमारतीत असतात, ही यातली खरी अडचण आहे. माझ्याजवळ याचे उत्तर नाही. पुतण्याने परीक्षेत काहीतरी लिहिले असेल.

तिकडे सुधारणा झाली आहे. डिसेंबर २०२३ पासून खून, बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांत खटला चालवायचा की नाही, हा निर्णय कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे, म्हणजे खटला चालवणाऱ्या वकिलांकडे, दिला गेला. चांगलेच झाले. पण उशिरा येणे, उलट बोलणे, गणवेश नीट नसणे ही रोजची प्रकरणे कमांडरकडेच आहेत आणि माणसाचे नोंदपत्र त्यांनीच भरते. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले आणि २००९ पासून ते चालू आहे. आमच्या भागातल्या माजी सैनिकांना त्याचा पेन्शनच्या दाव्यांत पुष्कळ आधार झाला. त्या कायद्यातील व्याख्या मात्र पुतण्याने मला दाखवली. न्यायाधिकरणाकडे नेता येणाऱ्या नोकरीविषयक बाबींमधून कोणत्याही प्रकारची सुटी वगळलेली आहे. समरी कोर्ट मार्शलही वगळलेले आहे, त्यात नोकरी गेली असेल किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद झाली असेल तरच दार उघडते. ते वाचून मला हसू आले. माझे निम्मे टेबल त्या एका ओळीत बाहेर राहिले होते.

पहाटे तो झोपला. मी मोबाईलच्या उजेडात खताच्या दुकानाच्या जुन्या बिलाच्या मागे, सहा वर्षांत माझ्या हाताने ज्यांचे सुटीचे ऑफेन्स रिपोर्ट गेले त्यांची नावे आठवून लिहायला सुरुवात केली. सतरा आठवली. प्रत्येकाच्या पुढे गाव कोणत्या मुलखातले आणि बोली कोणती एवढे लिहिले, जात ज्यांची माहीत होती त्यांची लिहिली. मग दुसऱ्या बाजूला, जे उशिरा आले आणि ज्यांचा कागद झाला नाही, त्यांची नावे लिहावी म्हणून रेघ ओढली. सुभेदार साहेबांच्या त्या ग्राईंचे नाव आठवले. त्यापुढे काही आठवेना, कारण त्यांची नावे मी कधी लिहिलीच नव्हती. गावातली भरतीची पोरे सडकेवर धावायला निघाली होती, त्यांच्या बुटांचा आवाज वावरापर्यंत येत होता.